बीसीएम म्हणजे काय? जुन्या गाडीचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलताना काय तपासायचं, संपूर्ण माहिती

गाडी बंद आहे, चावी तुमच्या खिशात आहे आणि तरीही वायपर आपोआप फिरतोय, असं कधी बघितलंय का? आमच्या घरासमोर हे झालं. शेजारची पोरं म्हणाली, "गाडीत भूत शिरलंय." भूत वगैरे काही नव्हतं. डॅशबोर्डखाली टिफिनच्या डब्याएवढा एक प्लॅस्टिकचा डबा असतो, तो बिघडला होता. त्यालाच बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे थोडक्यात बीसीएम म्हणतात.

मी चिंचणीला राहतो. आमची गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमएच ०४ पासिंगची, सेकंड हँड घेतलेली. जुलैमध्ये आधी बारीकसारीक तक्रारी सुरू झाल्या. सेंट्रल लॉक आपोआप टक-टक करायचं, आतला दिवा विझायचा नाही, दोन दिवसांत बॅटरी डाऊन. आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. मग एका रात्री साडेअकराला आजीला धाप लागली. तिला बोईसरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. बाबांनी चावी फिरवली, मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहिलं आणि गाडी सुरूच झाली नाही. शेवटी शेजारच्या काकांच्या मासळीच्या पिकअपमध्ये पुढे बसवून आजीला नेलं. आजी आता बरी आहे. पण त्या रात्रीनंतर मी ठरवलं की हा डबा नक्की काय करतो ते समजून घ्यायचंच.

या लेखात मी तेच सांगणार आहे. यातल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत. त्यात माझे साडेचार हजार रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत.

## बीसीएम म्हणजे काय?

गाडीत एकच कॉम्प्युटर असतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरं तर अनेक असतात. इंजिन सांभाळणारा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, एबीएसचा वेगळा. बीसीएम हा गाडीच्या "घरकामाचा" कॉम्प्युटर आहे. गाडी पळवणं हे त्याचं काम नाही. आत बसणाऱ्याला लागणाऱ्या गोष्टी तो सांभाळतो:

- सेंट्रल लॉक आणि रिमोट
- पॉवर विंडो
- वायपर आणि काचेवर पाणी मारणारी मोटर
- इंडिकेटर, हॅझार्ड आणि बऱ्याच गाड्यांत हेडलाइटसुद्धा
- आतले दिवे, हॉर्न, मागच्या काचेचा डिफॉगर
- काही गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे चावी खरी आहे की नाही हे ओळखणारी यंत्रणा

प्रत्येक गाडीत ही यादी थोडी वेगळी असते. आमच्या गाडीत इमोबिलायझर याच डब्यात आहे. म्हणूनच डबा बिघडल्यावर गाडीने स्वतःचीच चावी ओळखायला नकार दिला.

## बीसीएम काम कसं करतं?

जुन्या काळी वायपरच्या बटणातून वायर निघायची आणि रिलेमार्गे मोटरपर्यंत जायची. बटण दाबलं की करंट गेला, एवढा साधा मामला. गाडीत सोयी वाढल्या तशा वायरी वाढल्या, आणि वायरिंगचा जुडगा जड आणि महाग होत गेला.

बीसीएममध्ये पद्धत बदलते. बटण फक्त "वायपर हवाय" असा निरोप डब्याला देतं. डबा तो निरोप वाचतो, रिले किंवा ट्रान्झिस्टर चालू करतो आणि मोटर फिरते. बटण म्हणजे विनंती, निर्णय डब्याचा. त्यामुळे डब्याचं डोकं फिरलं की बटणाला हात न लावताही वायपर फिरतो.

गाडीतले हे सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते बहुतेक वेळा कॅन बस नावाच्या दोन वायरींवरून. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ही पद्धत जगासमोर मांडली. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखंच समजा. एकाने मेसेज टाकला की सगळ्यांना दिसतो, ज्याच्या कामाचा असेल तो उचलतो. ग्रुपमधला एक जण गप्प झाला की बाकीचे तक्रार करतात, "याचा काही रिप्लाय येत नाही." गाडीत ही तक्रार कोडच्या रूपात साठते. उदाहरणार्थ यू०१४० हा कोड म्हणजे "बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला."

## बीसीएम खराब झाल्याची लक्षणं

- वायपर, हॉर्न किंवा इंडिकेटर आपोआप चालू होणं
- सेंट्रल लॉक स्वतःहून उघड-बंद होणं
- एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी बंद पडणं
- गाडी बंद असताना बॅटरी संपणं
- चावीचं चिन्ह लुकलुकणं आणि इंजिन सुरू न होणं
- पाऊस पडला की त्रास वाढणं आणि उन्हात कमी होणं

शेवटचं लक्षण लक्षात ठेवा, किनारपट्टीवर ते फार महत्त्वाचं आहे.

पण थांबा. यातलं जवळपास प्रत्येक लक्षण कमजोर बॅटरीमुळे, सैल अर्थमुळे किंवा तुटलेल्या वायरमुळेही येऊ शकतं. फक्त खिडकी चालत नसेल तर आधी खिडकीची मोटर, तिचं बटण आणि दाराच्या बिजागरीजवळची वायर बघा. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, तिथली वायर आतून तुटते.

आम्ही एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली, तेव्हा मीटर न लावताच सांगितलं गेलं, "मॉड्यूल उडालंय, अठ्ठावीस हजार होतील." बाबा म्हणाले, "एवढ्यात भंगारात दिलेली बरी." निदान कदाचित बरोबरही असेल, पण तपासल्याशिवाय अठ्ठावीस हजार का द्यायचे?

## डबा बदलण्याआधी हे तपासा

मला एक साधा मल्टिमीटर लागला, आणि आमच्या ओळखीच्या वायरमन काकांची सोबत. काका बोईसरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. त्यांचा पहिला नियम असा की स्वस्त आणि सोपं ते आधी तपासायचं.

१. बॅटरी. गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. व्होल्टेज पडलं की चांगला बीसीएमसुद्धा वेड्यासारखा वागतो. त्यामुळे बॅटरी नीट चार्ज केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

२. अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी जाड वायर बघा. खाऱ्या हवेत तिच्या बोल्टखाली गंज धरतो. हेडलाइट लावून बॅटरीचं निगेटिव्ह आणि पत्रा यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा आणि परत घट्ट बसवा.

३. फ्यूज. बीसीएमला एकच फ्यूज नसतो, वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे असतात. बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून एकेक तपासा. डोळ्यांना चांगला दिसणारा फ्यूजही आतून तुटलेला असू शकतो, म्हणून दोन्ही टोकांवर मीटर लावा.

४. झोपेतला करंट. गाडी बंद केल्यावर सगळे कॉम्प्युटर हळूहळू झोपतात. त्यानंतर सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपपेक्षा कमी करंट जायला हवा. मीटर १० अँपच्या सॉकेटवर लावून बॅटरीचं निगेटिव्ह आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

आमच्या गाडीत ३८० मिलिअँप दिसले. हिशेब करा. ३५ अँपअवरची बॅटरी भागिले ०.३८, म्हणजे जेमतेम ९२ तास. पण बॅटरी निम्मी झाली की जुनी गाडी सेल्फ घ्यायला कुरकुरते, म्हणजे ४६ तास. दोन दिवसांत बॅटरी का बसत होती, ते इथे कळलं. बाबा आठवडाभर कंपनीच्या बसने एमआयडीसीत जातात, तोवर गाडी उभीच असते.

५. दोष डब्यात की डब्याबाहेर? बीसीएमचा एक फ्यूज काढला आणि करंट २५ वर आला. मी ओरडलोच, "सापडला!" काका म्हणाले, "थांब. त्या फ्यूजच्या वाटेवर दोष आहे एवढंच कळलं. डबाच वाईट आहे असं कुठं सिद्ध झालं?" बरोबर होतं त्यांचं. दाराचा स्विच अडकला असता आणि त्यामुळे डबा जागा राहिला असता, तरी हेच दिसलं असतं.

मग फ्यूज परत लावला. बॅटरी सोडून डब्याचे बाकीचे कनेक्टर काढले, फक्त सप्लाय आणि अर्थ ठेवला आणि बॅटरी परत जोडली. अर्ध्या तासानंतरही ३५० मिलिअँप. आता दिवे नाहीत, स्विच नाहीत, मोटरी नाहीत, तरी डबा एकटाच करंट खातोय. म्हणजे दोष डब्याच्या आतच.

६. कॅनच्या वायरी. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. ज्या गाड्यांत कॅन या सॉकेटवर आलेला असतो, तिथे बॅटरी सोडून पिन ६ आणि १४ यांच्यात रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण बसच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. आमच्याकडे ६१ आले, म्हणजे वायरी ठीक होत्या.

## मोबाइल इथे कुठे कामाला येतो?

ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल आणि फोनवरचं ॲप वापरून कोड वाचता येतात. पण साधी ॲप्स मुख्यतः इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड दाखवतात. बीसीएमचे बी कोड वाचायला बहुतेक वेळा त्या कंपनीची माहिती असलेला स्कॅनर लागतो. त्यामुळे ॲपने "नो फॉल्ट" म्हटलं म्हणजे गाडी ठीक आहे असं समजू नका. आणि डोंगल सॉकेटमध्ये कायम लावून ठेवू नका, तोही बॅटरी खातो.

फोनचा मला खरा उपयोग झाला तो वेगळ्या कामांसाठी. कनेक्टर काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो, गाडी चुकीची वागते तेव्हाचा व्हिडिओ, डब्यावरच्या लेबलचा जवळून फोटो, आणि नोट्समध्ये तारीख, पाऊस होता की नाही, व्होल्टेज किती. या नोंदींमुळेच कळलं की त्रास दर वेळी मोठ्या पावसानंतरच्या सकाळी होतोय.

## बिघाडाचं मूळ कुठे होतं?

डबा काढला तर खालून पाण्याचा ओघळ दिसला. झाकण उघडलं, कनेक्टरच्या पिनांजवळ हिरवट गंज. पाणी आलं कुठून?

चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत हे तुम्हाला माहीत असेल. आमची गाडी सुरूच्या सावलीतच उभी असायची. त्या सुयांसारख्या काड्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात आणि पाणी बाहेर जायचं भोक बुजवतात. मग काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी आत तुंबतं, पत्र्याच्या सांध्यातून डॅशबोर्डखाली झिरपतं आणि थेट डब्यावर पडतं. त्यात समुद्राची खारी हवा. मीठ आणि ओलावा एकत्र आले की दोन पिनांमधून नको तिथे करंट वाहायला लागतो. वायपर आपोआप फिरण्यामागे हेच कारण होतं.

मी जाळी काढली तेव्हा आतून दोन मुठी कुजलेल्या काड्या निघाल्या. नवीन डबा बसवण्याआधी हे केलं नसतं तर पुढच्या पावसात तोही गेला असता.

## डबा दुरुस्त होतो का?

कधी कधी होतो. आतला एखादा रिले जळलेला असेल किंवा सोल्डर सुटलेलं असेल तर चांगला कारागीर ते बदलून देतो. आमच्या भागात डायमेकिंगचा धंदा आहे. माझा मावसभाऊ दागिन्यांच्या डाय कोरतो, भिंगाखाली बारीक काम करायची त्याला सवय. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने बोर्ड साफ करून दिला. गाडी लगेच सुरू झाली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

सतरा दिवसांनी वायपर पुन्हा फिरला. गंजाने बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या होत्या. वरून साफ केल्यावर त्या परत येत नाहीत. फक्त वरचा मळ असेल तर सफाई पुरते, रेषा खाल्ल्या असतील तर ती तात्पुरती मलमपट्टी ठरते. सफाईनंतर लगेच निर्धास्त झालो, ही माझी पहिली चूक.

## जुना डबा की नवीन? माझी दुसरी चूक

मग मी लोकल पकडून कुर्ल्याला गेलो. तिथे जुन्या गाड्यांच्या पार्टचा मोठा बाजार आहे. आमच्याच मॉडेलचा डबा साडेचार हजारांत मिळाला. आकार तोच, कनेक्टर तेच. घरी आणून लावला. दिवे लागले, खिडक्या चालल्या, पण इंजिन सुरू होईना.

कारणं दोन होती. एक, पार्ट नंबरची शेवटची दोन अक्षरं वेगळी होती. तो खालच्या व्हेरिएंटचा डबा होता. दोन, त्याच्या मेमरीत दुसऱ्याच गाडीच्या चाव्या नोंदवलेल्या होत्या.

हे समजायला फोनचंच उदाहरण घ्या. काही फोनमध्ये फिंगरप्रिंट सेन्सर मूळ बोर्डाशी जोडलेला असतो. दुसऱ्या फोनचा सेन्सर लावला तर तो बसतो, पण चालत नाही. त्यात दोष नसतो, ते मुद्दाम केलेलं असतं, सुरक्षेसाठी. बीसीएमचंही तसंच आहे. जुन्या डब्यातली माहिती नव्यात उतरवणारे जाणकार असतात, पण ते घरी प्रयोग करायचं काम नाही. आणि जुना डबा घेताना पक्कं बिल घ्याच. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर चौकशी तुमचीच होईल.

शेवटी आरसीवरचा चासी नंबर देऊन पार्ट काउंटरवरून नवीन डबा मागवला. माझा खर्च असा झाला: डबा चौदा हजार दोनशे, कोडिंग आणि दोन्ही चाव्यांची नोंद अडीच हजार. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण भाव विचारताना "डबा, कोडिंग आणि चाव्या" असे तीन भाग वेगवेगळे विचारा.

## बीसीएम कसं बदलतात? टप्प्याटप्प्याने

१. नंबर जुळवा. जुन्या डब्यावरचा पूर्ण पार्ट नंबर आणि नव्यावरचा, अक्षर न् अक्षर.

२. सगळ्या चाव्या गोळा करा. कोडिंगच्या वेळी जी चावी हजर नसते, ती नंतर चालेलच असं नाही. म्युझिक सिस्टिमचा कोड असेल तर तोही शोधून ठेवा.

३. शक्य असेल तर जुन्या डब्यातली सेटिंग स्कॅनरने वाचून ठेवा. डबा पूर्ण मरण्याआधी हे जमलं तर पुढचं काम सोपं होतं.

४. चावी काढा, काच थोडी खाली ठेवा, मग बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. काच खाली ठेवली की मध्येच दार लॉक झालं तरी अडकायला होत नाही.

५. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढी मिनिटं थांबा. डॅशबोर्डखाली एअरबॅगच्या वायरी असतात, त्या सहसा पिवळ्या वेष्टणात असतात. त्यांना हात लावायचा नाही. मीटरही लावायचा नाही.

६. फोटो काढा, मग कनेक्टर काढा. वायर धरून ओढू नका. आधी कुलूप दाबा आणि कनेक्टरच्या प्लॅस्टिकला धरून काढा.

७. कनेक्टरच्या आत बघा. वायरिंगच्या बाजूला हिरवा गंज असेल तर तो साफ करा किंवा पिन बदला. नाहीतर नवीन डबा जुन्या गंजाशी जोडला जाईल.

८. नवीन डबा बसवा, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी.

९. कोडिंग. गाडीचा नंबर, व्हेरिएंट आणि चाव्या डब्याला स्कॅनरने शिकवाव्या लागतात. या वेळी बॅटरीला चार्जर किंवा स्थिर सप्लाय लावून ठेवा. फोन अपडेट होताना बंद पडला तर काय होतं ते आठवा.

१०. कोड पुसा, दहा मिनिटं चालवा, परत वाचा.

पहिले आठ टप्पे थोडा हात बसलेला माणूस करू शकतो. नववा मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. आम्ही पहिले आठ काकांच्या देखरेखीखाली अंगणात केले आणि कोडिंगवाल्यालाच घरी बोलावलं, कारण डबा काढलेली गाडी चालत नाही.

## बदलल्यावर काय तपासायचं?

हेडलाइट लो आणि हाय, चारही इंडिकेटर, हॅझार्ड, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपरचे सगळे वेग, चारही खिडक्या, प्रत्येक दाराचं लॉक आतून आणि बाहेरून. दोन्ही चाव्यांनी सेल्फ मारून बघा. आणि झोपेतला करंट पुन्हा मोजा. आमचा २२ मिलिअँप आला. शेवटी एका तांब्याने काचेखाली पाणी ओता आणि आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. एक थेंबही आत येता कामा नये.

## दुरुस्ती होईपर्यंत काय काळजी घ्यायची?

- लॉक आपोआप लागत असेल तर मूल, म्हातारं माणूस किंवा चावी गाडीत ठेवून एक मिनिटही बाहेर उतरू नका. मूल आत अडकलं तर वाट बघू नका, त्याच्यापासून लांबची काच फोडा.
- साधी चावी दाराच्या भोकात चालते का ते आजच बघा. किनाऱ्यावर ते भोकही गंजतं.
- हेडलाइट दगा देत असतील तर रात्री गाडी काढू नका. वाटेत दिवे गेलेच तर ब्रेक एकदम दाबू नका, वेग कमी करत कडेला घ्या आणि हॅझार्ड लावा.
- घरात आजारी माणूस असेल तर दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर आणि १०८ लक्षात ठेवा.

## दुरुस्तीचा हक्क: हा फक्त आपल्या गाडीचा प्रश्न नाही

बाहेरच्या मेकॅनिककडे स्कॅनर आणि पार्ट का नसतात, हा प्रश्न भारतात मोठा गाजला आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. कंपन्या मूळ सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सहज मिळू देत नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. कंपन्यांनी या आदेशाला पुढे आव्हान दिलं. त्यानंतर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आणि घरगुती वस्तूंसोबत वाहनांचाही समावेश आहे.

बोईसरमधला वायरमन गाडी वाचवू शकतो की नाही, हे त्याच्या हाताइतकंच त्याला मिळणाऱ्या माहितीवर आणि साधनांवर ठरतं, हे मला या प्रकरणात कळलं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बीसीएम खराब असताना गाडी चालवता येते का?
आतला दिवा किंवा खिडकीचाच त्रास असेल तर थोडे दिवस भागतं. वायपर, हेडलाइट किंवा इमोबिलायझर त्यावर असेल तर नाही.

बॅटरी काढून परत लावली की बीसीएम नीट होतं का?
डबा नुसता अडकला असेल तर होऊ शकतं. पाणी शिरलं असेल तर दोन दिवसांत पुन्हा तेच.

डबा हेअर ड्रायरने वाळवू का?
कडक गरम हवा प्लॅस्टिकला मारक. झाकण उघडून सावलीत वाळवा आणि बोर्ड तपासून घ्या. ओला असताना बॅटरी अजिबात जोडू नका.

जुन्या गाडीवर एवढा खर्च करावा का?
गाडीचं इंजिन, पत्रा आणि ब्रेक बघा. हे तिन्ही धड असतील तर एका डब्यासाठी गाडी भंगारात घालण्यात अर्थ नाही. पत्राच सडला असेल तर डबा बदलून काही मिळणार नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?
पावसाळ्याआधी वायपरखालची जाळी साफ करा, पाण्याची भोकं मोकळी आहेत का बघा आणि पायाखालची मॅट उचलून ओल आहे का तपासा. वर्षातून एकदा दहा मिनिटांचं काम आहे.

## शेवटी

मित्रांनो, आमची गाडी आता सुरूच्या झाडाखाली उभी नसते. नवा डबा बसवल्यापासून वायपर बटण दाबल्यावरच फिरतो आणि चावीचं चिन्ह लगेच विझतं. आजीच्या तपासणीच्या दिवशी बाबा आदल्या रात्रीच एकदा सेल्फ मारून बघतात, ती सवय मात्र अजून गेलेली नाही.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर आज एकच करा. तिच्या वायपरखालची जाळी उघडून बघा. काड्या आणि कचरा निघाला तर समजा, या पावसाळ्यातलं एक मोठं बिल तुम्ही टाळलंत.